तीन हजार ज्यूल कुठे जातात?

चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका शाळेत दहावीच्या वर्गात आम्ही गतिज ऊर्जेवर बोलत होतो. वस्तुमान आणि वेगाचा वर्ग यांच्या गुणाकाराची निमपट, हे सूत्र फळ्यावर लिहून झाले आणि पाठ्यपुस्तकांच्या सवयीप्रमाणे उदाहरण आले ते बंदुकीच्या गोळीचे. मागच्या बाकावरून एक हात वर आला. ‘‘सर, आमच्या आबाजीजवळ तीनशे पंधराची रायफल होती. ते सांगत, जे काडतूस चितळाले पुरते ते सांबराले पुरत नाही. मग सांबराले किती ज्यूल लागतात?’’

वर्ग हसला. आम्ही घाईत उत्तर देऊन टाकले, की सांबर चितळाच्या तिप्पट जड असते, म्हणजे ज्यूलही तिप्पट लागत असतील. उत्तर ऐकायला बरे होते, पण चुकीचे होते. पुढे काही माहीतगारांशी बोलल्यावर आणि वहीत थोडी आकडेमोड केल्यावर ते कळले. चूक शोधता शोधता जे हाती लागले ते इतके उपयोगी वाटले, की ते सगळेच इथे मांडत आहोत.

सुरुवातीलाच एक गोष्ट सांगायला हवी. चितळ आणि सांबर यांची शिकार आज आपल्याकडे गुन्हा आहे. ताडोबाच्या जंगलात १९३५ पासूनच शिकारबंदी होती, आणि १९५५ मध्ये तिथे राष्ट्रीय उद्यान झाले. देशभरासाठी वन्यजीव संरक्षण कायदा आला तो १९७२ मध्ये. त्यात काही प्राण्यांच्या शिकारीचे परवाने देण्याची तरतूद सुरुवातीला होती. १९९१ च्या दुरुस्तीने तीही गेली. म्हणजे मागच्या बाकावरच्या मुलाचे आबाजी ज्या काळाबद्दल बोलत होते तो संपला आहे. तरीही प्रश्न संपलेला नाही. चंद्रपूर-गडचिरोलीत माणूस आणि जंगली जनावर आजही रोज समोरासमोर येतात, आणि कधी परवानगीची गोळी तर कधी भुलीचे इंजेक्शन जनावरावर सोडावेच लागते. ते सोडणाऱ्याला आबाजींचाच हिशेब करावा लागतो, कधी सरळ तर कधी उलटा.

आधी जनावरे पाहू. पूर्ण वाढलेला चितळ नर ७० ते ९० किलो भरतो, मादी त्याहून बरीच हलकी. मोठा सांबर नर सव्वादोनशे ते तीनशे किलोंपर्यंत जातो. एकोणिसाव्या शतकात श्रीलंकेतले इंग्रज मळेवाले सांबराला ‘एल्क’ म्हणत. तिकडे अमेरिकेत स्थायिक झालेल्या युरोपीय लोकांनी तेच नाव वापिती नावाच्या दुसऱ्याच मोठ्या हरणाला दिले, आणि युरोपात मूळ एल्क म्हणजे तिसराच प्राणी, मूस. एका नावाचे हे तीन धनी. आपल्या दृष्टीने सांबर आणि वापिती ही वजनाने जवळपास जोडीदार. अमेरिकेतले शिकारी ‘हरणाला कोणते काडतूस आणि एल्कला कोणते’ यावर पिढ्यान्‌पिढ्या वाद घालत आले आहेत. आबाजींचे वाक्य म्हणजे त्या वादाची वऱ्हाडी-झाडी आवृत्तीच म्हणायची!

आबाजींचे काडतूस

काडतूस म्हणजे गोळी नव्हे, ही पहिली गोष्ट मुलांना सांगावी लागते. पितळेची पुंगळी, तिच्या बुडाशी ठोका बसताच पेटणारी टोपी, आत बिनधुराची दारू आणि तोंडाशी घट्ट बसवलेली गोळी, असा सगळा मिळून काडतूस होतो. नळीतून बाहेर जाते ती फक्त गोळी. दारू जळून जी ऊर्जा मोकळी होते तिचा साधारण तिसरा हिस्सा गोळीच्या वाट्याला येतो. बाकीची नळी तापवण्यात आणि गरम वायूंबरोबर निघून जाते.

तीनशे पंधरा म्हणजे ०.३१५ इंच, आठ मिलिमीटर. हा आकडा भारतात इतका रुजला त्यामागे विज्ञानापेक्षा राजकारण अधिक आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रिटिश सरकारने फौजेची ०.३०३ ही जात सामान्य नागरिकांना बंद केली. फौजेतून चोरलेली काडतुसे कोणाच्याही घरच्या रायफलीत बसू नयेत, हा हेतू. मग शिकाऱ्यांसाठी वेगळ्या मापाच्या रायफली आल्या, आणि त्यांत ऑस्ट्रियाच्या मानलिखर रायफलीचे जुने काडतूस मूळ धरून केलेली तीनशे पंधरा टिकली. स्वातंत्र्यानंतर ही रायफल बंगालमधल्या ईशापूरच्या कारखान्यात बनू लागली आणि काडतुसे पुण्याजवळच्या खडकीत. गावाकडच्या एखाद्या जुन्या पेटीत अशी रिकामी पुंगळी असली तर तिच्या बुडावर खडकीच्या कारखान्याची खूण सापडते. (भरलेले काडतूस सापडले तर त्याला हात न लावता मोठ्या माणसांना सांगायचे, हे वर्गात बजावून सांगावे.)

या काडतुसातली गोळी सुमारे १६ ग्रॅमची, दोन रुपयांच्या दोन-तीन नाण्यांच्या वजनाची. नळीच्या तोंडाशी तिचा वेग सेकंदाला सुमारे ६२० मीटर. सूत्रात आकडे घाला, उत्तर येते ३,०७५ ज्यूल. ढोबळपणे तीन हजार धरू.

तीन हजार ज्यूल म्हणजे किती? पन्नास किलोचा विद्यार्थी जिन्याने दोन मजले, म्हणजे सहा मीटर चढला की जवळपास तेवढेच काम होते. एक लिटर पाणी तेवढ्या ऊर्जेने एक अंशही तापत नाही. अर्ध्या ग्रॅमचा एक शेंगदाणा खाल्ला तर शरीराला अशा चार गोळ्यांइतकी ऊर्जा मिळते. मुलांना हे पटत नाही, म्हणून ते त्यांच्याकडूनच करून घ्यावे. दोन मजले चढून कोणी मरत नाही आणि शेंगदाण्याने तर नाहीच. तेव्हा ‘सांबराला किती ज्यूल’ या प्रश्नातच काही तरी निसटते आहे, हे इथे त्यांच्या लक्षात येऊ लागते.

दुसरा समज असा, की गोळीच्या धक्क्याने जनावर उडून पडते. सिनेमात माणसे गोळी लागताच चार हात मागे फेकली जातात. संवेग काढून पाहा. १६ ग्रॅम गुणिले ६२० म्हणजे सुमारे १० किलोग्रॅम-मीटर प्रतिसेकंद. अडीचशे किलोच्या सांबरात ही गोळी संपूर्ण थांबली तर सांबराला मिळणारा वेग सेकंदाला चार सेंटिमीटर. एवढ्याने उभे सांबर हलतसुद्धा नाही. शिवाय बार काढणाऱ्याच्या खांद्यालाही तेवढाच संवेग उलट दिशेने मिळतो, खरे तर दारूच्या वायूंमुळे थोडा जास्तच. गोळीने जनावर उडत असते तर आबाजीही उडाले असते.

बाण आणि गोळी

उत्तराचा धागा आम्हाला सापडला तो भामरागड-एटापल्लीकडच्या माडिया गोंडांच्या धनुष्यबाणात. बांबूच्या धनुष्यातून सुटणारा बाण साधारण ३० ग्रॅमचा आणि वेग सेकंदाला ४५ मीटर धरला, तर ऊर्जा येते अवघी ३० ज्यूल. तीनशे पंधराच्या शंभरावा हिस्सा. आणि या ३० ज्यूलवर पूर्वीच्या पारधीत हरणे आणि रानडुकरे पडत आली. बाणाच्या टोकाला लोखंडाचे पाते असते. ते मांस बाजूला सारत नाही, कापते. सगळी ऊर्जा एका बारीक धारेवर खर्च होते आणि कापत जाणारे पाते मोठी रक्तवाहिनी तोडते. जनावर मरते ते रक्त गेल्याने, मेंदूला प्राणवायू मिळेनासा झाल्याने. ज्यूल हे केवळ तिथपर्यंत पोचण्याचे भाडे!

गोळीला धार नसते. तिला तेच काम दुसऱ्या तऱ्हेने करावे लागते. शिकारीच्या गोळीचे टोक मुद्दाम उघड्या शिशाचे ठेवतात, बाकी अंगावर तांब्याच्या मिश्रधातूचे कवच. शरीर बहुतांशी पाण्याचे बनलेले असते. अशा माध्यमात वेगाने शिरताच हे मऊ टोक चेपते, छत्रीसारखे पसरते, आणि मूळच्या आठ मिलिमीटरऐवजी दुपटीच्या आसपास रुंदीची वाट पाडत जाते. पूर्ण कवचाची फौजी गोळी न पसरता आरपार निघून जाऊ शकते, आणि तिच्या तीन हजारांतले बरेचसे ज्यूल जनावराच्या पलीकडच्या मातीत जातात. गंमत अशी, की पसरणाऱ्या गोळ्या युद्धात वापरू नयेत असे १८९९ च्या हेग जाहीरनाम्याने ठरवले. त्यांतली सर्वांत बदनाम ‘दमदम’ ही कोलकात्याजवळच्या दमदमचीच. पण हरणांच्या शिकारीला जिथे परवानगी आहे अशा कित्येक देशांत कायदा पसरणाऱ्या गोळीचीच सक्ती करतो, कारण तिथे जनावर लवकर मरावे हीच अपेक्षा असते.

वर्गात हे दाखवायला बंदूक लागत नाही. ओल्या चिकणमातीचा जाडसर थर परातीत घ्या. एक गोटी अर्ध्या मीटरवरून आणि दुसरी दोन मीटरवरून टाका. उंची चौपट, ऊर्जा चौपट. खड्डे मोजा. मग त्याच गोटीच्या वजनाचा खिळा टोक खाली धरून अर्ध्या मीटरवरून सोडा. ज्यूल तेच, पण खोली पाहण्यासारखी. शेवटी त्याच वजनाचा मातीचा मऊ गोळा टाका, म्हणजे तो पसरून वरच्यावर बसेल. ऊर्जा एकच असताना ती खोल जाते की रुंद पसरते हे आकार आणि कठीणपणा ठरवतात.

आता चितळ आणि सांबर यांच्याकडे वळता येईल. चितळाची छाती आडवी साधारण एक वीत भरते, मोठ्या सांबराची दीड ते दोन विती, आणि वर जाड कातडे, रुंद स्नायू, खांद्याचे मजबूत हाड. हलकी आणि फार वेगवान गोळी, समजा साडेसहा ग्रॅमची आणि सेकंदाला ९०० मीटरची, हिच्यातही अडीच हजारांवर ज्यूल असतात. चितळाच्या छातीत ती पसरते आणि काम करते. सांबराच्या खांद्यावर तीच गोळी हाडावर फुटून वरच्या चार बोटांतच सगळी ऊर्जा उधळून टाकू शकते. जखम भयंकर दिसते, पण हृदय-फुप्फुसे आत सुरक्षित राहतात आणि जनावर त्या जखमेसह पळून जाते. सांबरासाठी गरज असते ती खोल जाणाऱ्या गोळीची. म्हणजे गोळी वजनाने जड हवी, आपल्या जाडीच्या मानाने लांब हवी, आणि पसरतानाही तुकडे न होणारी हवी.

नॉर्वेच्या शिकार-नियमांत हे फार नेमके उतरले आहे. मूससारख्या मोठ्या जनावरांसाठी गोळी ९ ते १० ग्रॅमची असेल तर १०० मीटरवर तिच्यात किमान २,७०० ज्यूल हवेत. १० ग्रॅमहून जड असेल तर २,२०० पुरतात. जड गोळीला ऊर्जेत सवलत! आमच्या ‘तिप्पट वजन, तिप्पट ज्यूल’ या उत्तराचा निकाल या एका नियमानेच लागतो. आबाजींच्या तीनशे पंधराची गोळी १०० मीटरवर सेकंदाला ५४० मीटरपर्यंत मंदावते असे धरले तर तिच्यात साधारण २,३३० ज्यूल उरतात. नॉर्वेच्या परीक्षेत ती काठावर पास होते. मग आबाजी सांबराला पुरत नाही म्हणत ते कोणते काडतूस? त्या मुलाला आम्ही पुन्हा विचारले. आजोबांकडे रायफलीखेरीज बारा बोअरची दुनळीही होती, आणि चितळाला ते तीच वापरत.

दुनळी, बांबू आणि अंतर

बारा बोअर हे नावच एक गणित आहे. एक पौंड शिशाच्या सारख्या वजनाच्या बारा गोळ्या केल्या तर त्यांतली एक ज्या नळीत बसेल ती बारा बोअर. पौंड ४५३.६ ग्रॅमचा आणि शिशाची घनता ११.३४, म्हणजे एका गोळीचे आकारमान ३.३३ घन सेंटिमीटर. गोलाच्या सूत्राने व्यास काढा, साडेअठरा मिलिमीटर येतो. नळीचा व्यास खरोखर तेवढाच असतो. घनफळाच्या धड्याला इतके चांगले उदाहरण क्वचित मिळते.

या बंदुकीच्या ‘एल. जी.’ काडतुसात साधारण सहा मोठे छर्रे असतात, प्रत्येकी सुमारे साडेचार ग्रॅमचे. छर्रे गोल असल्याने हवेत लवकर मंदावतात आणि एकमेकांपासून पांगत जातात. जवळून सहाही लागले तर एकूण ऊर्जा दीड हजार ज्यूलच्या वर जाते. लांबून एखाद-दुसराच लागतो, आणि प्रत्येकात नळीच्या तोंडाशीसुद्धा तीनशेच्या आसपासच ज्यूल असतात. चितळाच्या वीतभर छातीत हा छर्रा पोचतो. सांबराच्या खांद्यात अडकून राहतो. आबाजी म्हणत होते ते हे.

अंतराची बाजू प्रदेशागणिक बदलते. अमेरिकेतल्या रॉकी पर्वताच्या उघड्या उतारावर एल्क अडीचशे-तीनशे मीटरवर दिसतो. तिथे गोळी किती खाली येते हा मोठा प्रश्न असतो. तीनशे पंधराची गोळी १०० मीटर जायला सेकंदाचा सुमारे सहावा भाग घेते आणि तेवढ्यात १४-१५ सेंटिमीटर खाली येते. २०० मीटरवर हेच दोन फुटांहून अधिक होते. अमेरिकी फौजेचे १९०६ चे ‘थर्टी-ओ-सिक्स’ काडतूस अधिक वेगवान असल्याने २०० मीटरवर त्याची गोळी साधारण फूटभर किंवा किंचित जास्तच खाली येते. म्हणून तिकडचे लोक वेगाच्या मागे लागतात. गडचिरोलीच्या बांबूत किंवा ताडोबाच्या सागात चाळीस-पन्नास मीटरपलीकडे जनावर धड दिसतच नाही. इथे जादा वेगाचा फायदा नावापुरता. उलट बांबूची एखादी करंगळीएवढी फांदी वाटेत आली की कोणत्याही गोळीची दिशा बिघडते. जड आणि संथ गोळी झुडपातून सरळ जाते असे जुने शिकारी सांगत, पण तेही फारसे खरे नाही. मोकळी वाट दिसत नसेल तर बार काढायचाच नाही, एवढाच त्यावर उपाय.

नेम कुठे लागतो याला सगळ्या काडतुसांहून जास्त महत्त्व आहे. हृदय-फुप्फुसांचा भाग चितळात बशीपेक्षा थोडा मोठा, सांबरात पोळपाटाएवढा. गोळी नेमकी तिथे लागली तरी मेंदूतला उरलेला प्राणवायू दहा-पंधरा सेकंद पुरतो, आणि सेकंदाला दहा मीटर धावणारे हरीण तेवढ्यात शंभर मीटर जाऊ शकते. पोटात लागली तर ते कित्येक तास, कधी काही दिवस जगते. पावसात रक्ताचा माग धुऊन जातो, बांबूच्या बेटात जनावर सापडत नाही. नॉर्वेत मोठ्या जनावरांच्या शिकाऱ्याला दरवर्षी नेमबाजीची परीक्षा द्यावी लागते ती यामुळेच. जास्त ज्यूलची रायफल घेऊन नेम सुधारत नाही. उलट खांद्याला बसणाऱ्या दणक्याच्या भीतीने चाप ओढताना डोळे मिटतात.

पिकात आलेले जनावर

धानाच्या किंवा तुरीच्या शेतात रानडुकरांचा कळप एका रात्रीत काय करतो हे या भागातल्या मुलांना सांगायला नको. डुक्कर आणि रोही यांनी पिकाची नासाडी चालवली तर ठराविक अटींवर, वनखात्याच्या लेखी परवानगीने त्यांना मारता येते. २०१६ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या रानडुकरांच्या अशाच परवानगीवरून केंद्रातल्या दोन मंत्र्यांमध्ये जाहीर वाद झाला होता. त्यात कोण बरोबर हा विषय वेगळा. पण परवानगी मिळाली की काडतुसाची निवड पुन्हा समोर येतेच, आणि इथे तिला आणखी एक पैलू येतो. चुकलेली गोळी कुठे जाईल?

रायफलीची गोळी किंचित वरच्या दिशेने सुटली आणि कशालाच लागली नाही तर दोन-तीन किलोमीटर जाऊ शकते. तेवढ्या टप्प्यात शेजारचे शेत येते आणि त्यातल्या मचाणावर राखणीला झोपलेला माणूसही येतो. एल. जी.चे छर्रे गोल आणि हलके असल्याने काही शे मीटरांतच खाली येतात, पण जनावर तीस मीटरपलीकडे असेल तर ते जखमी करून सोडण्याची भीती. एका बाजूला माणसाचा धोका, दुसऱ्या बाजूला जनावराचे हाल. त्यातून वाट काढायची तर मचाणावरून, खाली धरून, जवळून बार काढायचा. चार मीटर उंचीवरून तीस मीटरवरच्या डुकरावर नेम धरला तर चुकलेली गोळी त्याच्या थोडे पलीकडे जमिनीत जाते. समरूप त्रिकोणांचे हे साधे उदाहरण आहे. ती नेमकी किती पलीकडे जाईल ते मुलांना काढू द्यावे. (डुकराची उंची पाऊण मीटर धरावी.) आम्हाला विचाराल तर कोणते काडतूस, याआधी मचाण कुठे बांधायचे हे ठरायला हवे.

जंगलात चोरून होणाऱ्या शिकारीत हल्ली बंदुकीपेक्षा तारेचे फास आणि विजेचा प्रवाह सोडलेल्या तारा अधिक दिसतात. त्यांना नेम नसतो. चितळासाठी लावलेल्या तारेत वाघ जातो, आणि कधी माणूसही.

उलटा हिशेब

वाघाच्या बाबतीत कायदा सांगतो की माणसाच्या जिवाला धोका असला तरी त्याला पकडणे, बेशुद्ध करणे किंवा दुसरीकडे हलवणे शक्य नसेल तेव्हाच मारण्याचा आदेश काढता येतो. गडचिरोली जिल्ह्यातल्या वडसा भागात ऑक्टोबर २०२२ मध्ये ‘सीटी-१’ नावाने ओळखला जाणारा वाघ असाच बेशुद्ध करून पकडण्यात आला. त्याने १३ माणसे मारली होती. वाघाचे वजन सांबराच्या आसपास. पण त्याच्याकडे सोडलेल्या डार्टचे काम आबाजींच्या गोळीच्या बरोबर उलटे असते.

डार्ट म्हणजे उडणारी सिरिंज. मागे स्थिर उडण्यासाठी रंगीत गोंडा, पुढे सुई. सुईला छिद्र टोकाशी नसून बाजूला असते आणि त्यावर रबरासारखी छोटी नळी चढवलेली असते. औषधाच्या मागे दाबाखालची हवा. सुई कातड्यात शिरताच ती नळी मागे सरकते, छिद्र उघडते आणि हवा औषध स्नायूत ढकलते. वाघासाठी बहुधा झायलाझीन आणि केटामीन यांचे मिश्रण वापरतात. पाच ते पंधरा मिनिटांत जनावर खाली बसते. काम झाल्यावर झायलाझीनचा उतारा टोचून त्याला लवकर जागे करता येते.

डार्ट १२ ग्रॅमचा आणि वेग सेकंदाला ६० मीटर धरा. ऊर्जा २१.६ ज्यूल. माडियांच्या बाणापेक्षाही कमी! आणि इथे तीही कमीत कमी राखायची असते. सुई स्नायूत बसावी एवढीच गरज. वेग वाढला तर डार्टचे नळकांडेच मांसात घुसते किंवा हाड मोडते. फार कमी पडला तर तो आपटून खाली पडतो. गोळीला थोड्याफार फरकाने चालते, डार्टला नाही. म्हणून डार्टच्या बंदुकीत दारूऐवजी दाबाखालचा वायू असतो, त्यावर दाब दाखवणारी तबकडी असते, आणि नेमबाज आधी अंतर मोजतो, मग दाब ठरवतो, आणि नेम मांडीच्या किंवा खांद्याच्या जाड स्नायूवर धरतो. गोळीवाला जी छाती शोधतो तीच यांना टाळायची असते.

चितळांना मात्र एकेक करून डार्ट मारणे सहसा टाळतात. पाठलाग आणि धरपकडीच्या ताणानेच हा प्राणी दगावू शकतो. घाबरून फार पळल्यावर स्नायूंची हानी होते आणि ते विष रक्तात मिसळते. मध्य प्रदेशात चितळांचे कळप एका जंगलातून दुसऱ्यात नेताना आफ्रिकेतली ‘बोमा’ पद्धत वापरतात. नरसाळ्याच्या आकाराचे, हिरव्या कापडाने झाकलेले कुंपण करून कळपाला हळूहळू आत येऊ देतात आणि शेवटी तो थेट वाहनात चढतो. कातड्याला काहीच लागत नाही.

वर्गासाठी शेवटचे एक गणित. सेकंदाला ६० मीटर वेगाचा डार्ट ३० मीटर जायला अर्धा सेकंद घेतो (हवेचा रोध सोडून देऊ). तेवढ्यात तो सव्वा मीटरच्या आसपास खाली येतो, म्हणजे तीनशे पंधराची गोळी २०० मीटरवर येते त्याच्या जवळजवळ दुप्पट. म्हणून नळी तेवढी वर रोखून साधनी लावलेली असते. आता समजा, दाब आणि साधनी ३० मीटरसाठीच लावून ठेवली आणि वाघ १० मीटरवरच निघाला. डार्ट नेमापेक्षा किती वर बसेल? उत्तर सत्तावीस सेंटिमीटर येते, आणि जवळून लागल्याने वेगही जास्त असतो. फळ्यावर वाघाची बाजूने आकृती काढा, मांडीवर खूण करा, आणि तिच्या सत्तावीस सेंटिमीटर वर काय येते ते मुलांना दाखवायला सांगा.